स्टेन्सिलखाली रंग शिरला की हात ब्लेडकडे जातो, काय करू?

ट्रेसरबाई (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

माझं दुखणं कळायला आधी माझी नोकरी सांगावी लागेल. १९८४ ते २०१५ मी एका सरकारी खात्यात ट्रेसर होते. इंजिनियरसाहेबांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचे. धरणं, कालवे, चाऱ्या. अक्षरं-आकडे काढायला प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या पट्ट्या असायच्या, त्यांना आम्ही स्टेन्सिलच म्हणायचो. शेवटची दहाएक वर्षं ऑटोकॅडने काम खाल्लं, तेव्हा जुन्या ट्रेसिंगांचं रजिस्टर सांभाळलं. पण हात घडला तो शाईवर.

चूक झाली तर काय करायचं हे तिथे ठरलेलं होतं. अर्धं ब्लेड घ्यायचं, मधोमध मोडलेलं. बोटांत जरा वाकवून धरायचं आणि वाळलेली शाई अलगद खरवडायची. मग मऊ खोडरबर. मग अंगठ्याच्या नखाने ती जागा गुळगुळीत होईपर्यंत घोटायची. घोटली नाही तर कागदाचे तंतू उघडे राहतात आणि पुन्हा शाई लागली की ती फुटते, कोळ्याच्या पायांसारखी. मी खरवडलेली जागा उजेडावर धरल्याशिवाय कुणाला सापडायची नाही. याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

आता मूळ गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली होती, वय वर्षं नऊ. दोघींनी मिळून घरातली जाड पुठ्ठ्याची हिशेबाची वही घेतली आणि तिच्यात वाट्टेल ते चिकटवायला सुरुवात केली. एसटीची तिकिटं, पत्रिकांचे तुकडे, वाण्याची यादी, त्यावर ॲक्रिलिक रंग, त्यावर स्टेन्सिल. मिक्स्ड मीडिया म्हणतात म्हणे. स्टेन्सिलला यांच्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म वापरली. तिच्यात अळूचं पान कापलं, शिरांच्या जागी पट्ट्या शिल्लक ठेवून. कापायचं काम माझं, ते झकास झालं.

मग बाटलीच्या हिरव्या रंगाने पान भरलं, फिल्म उचलली, तर तीन बाजूंनी रंग खाली शिरलेला. पानाला मिशा फुटल्या होत्या. माझा हात न विचारता ड्रॉवरमधल्या ब्लेडकडे गेला. पण ॲक्रिलिक म्हणजे शाई नव्हे. त्याचं कातडं निघतं आणि सोबत वहीचा कागदही सोलून येतो. भोक पडलं. मग भोकावर वर्तमानपत्र, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात, त्यावर पुन्हा अळू. पुन्हा मिशा. असं चारदा. आता ते पान पापुद्र्याच्या भिंतीसारखं झालंय आणि वही मिटत नाही.

त्याच वेळात नातीने काय केलं? माझी बरबटलेली फिल्म उचलली, उलटी करून स्वतःच्या पानावर दाबली आणि वरून वाटी फिरवली. निघालं ते अर्धंमुर्धं, कुठे शिरा आहेत, कुठे नुसताच ओला डाग. घरातल्या सगळ्यांनी तेच पान उचलून धरलं. माझं कुणी पाहिलंही नाही.

म्हणून दोन प्रश्न. रंग खाली शिरू नये म्हणून काय करायचं, हा सोपा. दुसरा विचारायला संकोच वाटतो. 'चुकांवर प्रेम करा' असं जो तो सांगतो. सांगायला काय जातंय. माझा हात ऐकत नाही. तुमच्यापैकी जे असलं काम करतात त्यांनी एवढंच सांगा: फिल्म उचलली, रंग फुटलेला दिसला, *त्या मिनिटाला* तुम्ही नक्की काय करता?

---

स्क्रीनवाला (इचलकरंजी)

ताई, आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा, पत्रिका आणि कापडी पिशव्या. स्क्रीन म्हणजे शेवटी स्टेन्सिलच, फक्त जाळीवर ताणलेली. त्यामुळे बिनधास्त सांगतो: रंग शिरला नाही, तुम्ही ढकललात.

ब्रश आडवा फिरवला असणार. आडवा फिरवला की केस कडेच्या खाली जातात आणि रंग आत लोटतात. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा मऊ बाजूचा तुकडा कापा. जुन्या स्टीलच्या ताटलीत चमचाभर रंग पसरा, त्यात स्पंज टेकवा आणि मग रद्दी पेपरवर दहा-बारा वेळा आपटा. पेपरवर ठसा कोरडा, दाणेदार उमटायला लागला की मगच स्टेन्सिलवर जा. तिथेही घासायचं नाही, वरून उभं टिपत जायचं. पहिला हात लागलाच नाही असं वाटलं पाहिजे. तो सुकू द्या, मग दुसरा.

एक्स-रे फिल्म गुंडाळून ठेवलेली असेल तर कडा उचललेल्या राहतात, तिथून हमखास शिरणार. रात्रभर गादीखाली ठेवा. एवढं करूनही भीती वाटत असेल तर आधी स्टेन्सिलमधून पानाच्या जमिनीचाच रंग टिपा. जमीन पांढरी तर पांढरा. जे काय शिरायचं ते तोच शिरेल, दिसणार नाही, आणि वाळला की कडेखालची फट बुजते. मग हिरवा लावा. कड ब्लेडने कापल्यासारखी येईल, म्हणजे तुम्हाला आवडते तशी.

आता तुमचं ते मिनिट. आमच्याकडे काम लावताना पहिले काही कागद रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगाशेजारी रंग नेमका बसवणं, जुळवण्यातच जातात. लाल इकडे, सोनेरी तिकडे. त्या कागदांना वेस्टेज म्हणतात. ते फेकत नाही, पुढच्या कामाच्या चाचणीला तेच घेतो. त्यामुळे एकाच कागदावर गणपती, त्याच्या सोंडेवरून तिरकं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', त्यावर कुठल्या तरी किराणा दुकानाचा पत्ता, असे सहा-सात थर साचतात. मागे कला महाविद्यालयातला एक मुलगा आला आणि चांगल्या छापील पत्रिका सोडून वेस्टेजचा गठ्ठाच घेऊन बसला. पैसे किती म्हणाला. मी चहा पाजला आणि गठ्ठा दिला. त्यानेच सांगितलं की वॉरहॉल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९६२ साली मेरिलिन मन्रोचा एकच फोटो सिल्कस्क्रीनने ओळीने छापला, कुठे शाई दाट, कुठे पुसट, कुठे भरून काळाकुट्ट. आमच्याकडे एवढा माल बिघडला असता तर गिऱ्हाईकाने पैसे कापले असते. तो तो बिघाड भिंतीवर टांगून गेला.

तर ताई, शेजारी कायम एक वेस्टेजचा कागद ठेवायचा. स्टेन्सिल उचलली की चांगल्या पानाकडे बघायचंच नाही. आधी ती ओली फिल्म उलटी करून वेस्टेजवर दाबायची, तुमच्या नातीने केलं तसं. ॲक्रिलिक थांबत नाही, दोन-चार मिनिटांत ओढतं, त्यामुळे ब्लेड शोधायला वेळच उरत नाही. हाताला दुसरं काम दिलं की हात ऐकतो.

---

पुणेरी_पाऊस

ट्रेसरबाई, धागा वाचून आधी हसले, मग ड्रॉवरमधलं ब्लेड आठवलं. माझं जरा अवांतर: पावसाळ्यात ॲक्रिलिकची पानं वहीत एकमेकांना चिकटतात, उघडताना टरकतात. कुणाकडे उपाय?

---

स्क्रीनवाला (इचलकरंजी)

पानांमध्ये बटर पेपर घाला. नसेल तर पूर्ण वाळल्यावर कोरड्या कापडाने किंचित टाल्कम पावडर फिरवा. मेणबत्ती घासली तरी चालतं, फक्त त्यावर पुन्हा रंग बसणार नाही हे लक्षात ठेवा. टरकलेलं पान टाकू नका. समोरच्या पानावर जो तुकडा चिकटून गेला असेल तो बघा एकदा नीट.

---

कातरवेळ

मला जरा विरोधी सूर लावू द्या.

मी कागद कापते. बारीक जाळीचं काम, एकेका तुकड्याला आठवडा लागतो. मागच्या वर्षी हौसेने एक ऑनलाइन कार्यशाळा केली, बाराशे रुपये भरून. तीन तास आम्ही जे काही करू त्याला 'वा, सुंदर चूक!' एवढंच ऐकायला मिळालं. एकीच्या कागदावर पाण्याचा पेला सांडला, त्यालाही वा. शेवटी सगळ्यांची पानं सारखीच दिसायला लागली: चिखल, चिखलावर सोनेरी शिंतोडे. कौतुक एवढं स्वस्त झालं की त्यातून काही शिकता येत नाही. (आणि कृपा करून या धाग्यावर आता कुणी फुटक्या कपाला सोनं लावायची जपानी गोष्ट आणू नका. ऐकून ऐकून कान किटले.)

जपानचंच हवं तर कातागामी बघा. कापडावर छपाईसाठी कागदाच्या स्टेन्सिली. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमन फळाच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवतात, त्याने कागद चिवट होतो, पाण्याला दाद देत नाही. कापलेली नक्षी इतकी नाजूक की काही स्टेन्सिलींना हलू नये म्हणून आतून रेशमाचे धागे लावलेले असतात. तिथे एक काडी तुटली तर पुढच्या अख्ख्या ताग्यावर ती तुटलेलीच उमटणार. कापणारा तिच्यावर प्रेमबीम करत बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ट्रेसरबाई, तुम्ही फिल्ममध्ये शिरांच्या ज्या पट्ट्या ठेवल्यात ते पूल आहेत. पूल तुटला तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून, जादा टेप कापून, तो आधी दुरुस्त करायचा. तिथे लाड नाहीत. रंग शिरणं ही पण आधी चूकच. स्क्रीनवाले सांगतायत ते शिका, दहा पानं स्वच्छ काढा. ती टाळता यायला लागली की मग हवी तर मुद्दाम करा. जी टाळताच येत नाही तिला खेळ कसं म्हणायचं?

आणि ते नखाने घोटण्याचं वर्णन मी दोनदा वाचलं. त्याची लाज वाटून घेऊ नका.

---

ट्रेसरबाई (डोंबिवली)

सगळ्यांचे आभार. कातरवेळ, तुम्ही माझ्या मनातलं बोललात, आणि तरी पुढे जे घडलं त्यात तुमचं अर्धंच खरं ठरलं. सांगते.

आधी मला चुकीची एवढी धास्ती का ते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका ट्रेसिंगवर मी एफआरएलचा आकडा उलटा लिहिला होता. एफआरएल म्हणजे धरण भरलं की पाणी जिथवर येतं ती पातळी. ६१२.५० च्या जागी ६२१.५०. स्टेन्सिलने काढलेला, देखणा, सरळ रेषेत. नऊ मीटरचा फरक. तपासणीत सापडला, कुणी फारसं रागावलंही नाही, 'बाई, गाव बुडवलंत' एवढंच म्हणाले आणि हसले. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. तेव्हापासून प्रत्येक आकडा बोट ठेवून दोनदा वाचायचे. चूक देखणी असली की जास्त धोक्याची, हे मी तिथे शिकले.

आता परवाचं. स्क्रीनवाल्यांनी सांगितलं तस्संच केलं. फिल्म गादीखाली, स्पंज, ताटली, दहा वेळा आपटणं, आधी पांढरा, मग हिरवा. अळूचं पान असं निघालं की एक मिशी नाही. कड लख्ख. मी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. ह्यांना दाखवलं.

दिसलं कसं? रेशनच्या पोत्यावरच्या शिक्क्यासारखं.

सहा पानं काढली. सहाही शिक्के. कातरवेळ, टाळता यायला लागलं, मान्य. पण आता ती मुद्दाम करायला गेले तर मुद्दाम केलेली दिसते. पाणी जास्त घालून रंग मुद्दाम शिरवला, तर तो नाटकातल्या खोट्या रडण्यासारखा दिसला. मग करायचं काय?

---

काजूमास्तर (चिपळूणजवळ)

बाई, 'बाई' म्हणतो, आमच्याकडे शिक्षिकांनाही बाईच म्हणतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. कलेचा वेगळा शिक्षक नाही, त्यामुळे गणित मीच आणि चित्रकलाही मीच. सामान म्हणजे पोस्टर कलरच्या बाटल्या, जुने टूथब्रश आणि आवारातली पानं. टूथब्रशचं स्प्रेकाम तुम्ही सगळ्यांनी केलं असेल. कागदावर पान ठेवायचं, ब्रश रंगात बुडवून त्यावरून कंगवा ओढायचा, पान उचललं की पांढरं पान मागे राहतं. स्टेन्सिलच ती, फक्त उलटी.

त्या मिनिटाचं विचारलंत म्हणून एक सांगतो. तिसरीतल्या एका मुलाने फणसाच्या पानाचं काम छान केलं आणि कागद उचलायला वाकला तर कोपर ओल्या रंगात. कोपरावरून रंग कागदाच्या खालच्या कोपऱ्यात. गोल, मध्ये रेघा. मी म्हटलं आता हा रडणार. तो कोपराकडे बघत बसला. मग कोपर पुन्हा रंगात टेकवून त्याने खालच्या कडेला आणखी चार ठसे ओळीने मारले. विचारलं काय रे हे, तर म्हणे गुरांची वाट. ज्याने कोकणात पावसाळ्यातली पायवाट बघितलीय त्याला पटेल, तंतोतंत तशी दिसत होती, खुरांनी कालवलेली.

नंतर माझ्या लक्षात आलं, माझी आजी हेच करायची. ठिपक्यांच्या रांगोळीत ओळ हुकली, एक पाकळी जास्त आली, तर तिने कधी फडकं फिरवलं नाही. उरलेल्या तीन बाजूंना तश्शीच जादा पाकळी काढायची. येणाऱ्या बायका विचारायच्या, ही कुठली नवी रांगोळी? आजी सांगायची, माहेरची.

तर माझं उत्तर: पुसायचं नाही, लगेच काही झाकायचंही नाही, तीच गोष्ट त्याच पानावर आणखी दोन-तीन ठिकाणी करायची. तुम्ही रंग मुद्दाम शिरवलात तो पहिल्यांदाच मुद्दाम. पोराचा पहिला कोपर खरा होता, पुढचे चार त्याच्याकडे बघून आलेले. पहिल्या खऱ्या मिशीची वाट बघा. ती कुठून आली, कुठल्या दिशेला गेली ते बघा, आणि तिला भावंडं द्या.

आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रातून आलेले. अर्धी नक्षी ट्रेसिंगवर काढायची, कागद उलटायचा, दुसरी अर्धी छापायची. दोन बाजू सारख्या आल्या की डोळे निवतात. ती सवय वाईट नाही, पण वहीच्या पानाला दोन बाजू सारख्या असायची गरज नसते. मथुरा-वृंदावनकडे सांझी करतात, कागदाचे बारीक साचे कापून देवळाच्या फरशीवर कोरडे रंग टाकतात, पितृपंधरवड्यात. साचा नेमका आणि रंग चिमटीने सोडलेला. नेमकेपणा एकीकडे आणि हात सैल दुसरीकडे, दोन्ही एकाच कामात चालतं.

एक धोक्याची सूचना, मी पोरांची वीस चित्रं घालवलीत म्हणून: पोस्टर कलरवर फेव्हिकॉल फिरवू नका. पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा उठतो, सगळे रंग एकमेकांत कालवतात. खाली ॲक्रिलिक असेल तर काही होत नाही. आणि जाडी हवी असेल तर रांगोळीची पूड फेव्हिकॉलात श्रीखंडाएवढी घट्ट कालवा, थोडा पांढरा रंग घाला, स्टेन्सिलवरून जुन्या एटीएम कार्डाने पसरा. फिल्म सरळ वर उचला, आडवी ओढलीत की संपलं. जाड थर वाळताना तडकतो. तडकू द्या.

---

पुणेरी_पाऊस

ट्रेसरबाई, फोटो टाका हो. मिशावाला अळू बघायचाय. आणि एक्स-रे फिल्म कापता कशाने? माझी कात्री घसरते.

---

ट्रेसरबाई (डोंबिवली)

कात्री नको. फिल्मखाली जाड काच, वर मोडत्या पात्याचा कटर, पातं नवं. रेघ एका दमात ओढायची नाही, तीनदा हलकी ओढायची. गोलाईला कटर फिरवू नका, फिल्म फिरवा. फोटो नातीकडून शिकून टाकते.

---

ट्रेसरबाई (डोंबिवली)

पंधरा दिवसांनी परत आले. थोडं सांगायचं आहे.

माझ्याकडे जुन्या ट्रेसिंग पेपरचे तुकडे आहेत. हात बसवायला म्हणून घरी रेघा ओढलेले, माझेच, कोरे-अर्धे. त्यातला एक वहीच्या पानावर फेव्हिकॉलने चिकटवला. ट्रेसिंग पेपर ओला झाला की फुगतो हे मला कुणी शिकवायला नको, तरी विसरले. बघता बघता अख्ख्या पानाला सुरकुत्या. तळव्याने दाबलं, एक सुरकुती गेली की शेजारी दोन. ब्लेडचा हात उठला, पण सुरकुती खरवडणार कशी? तेवढ्यात दारात पाहुणे. वही तशीच खिडकीत ठेवली आणि पोहे करायला गेले. पाहुणे रात्री साडेनऊला उठले.

सकाळी पान कडक वाळलेलं. स्क्रीनवाल्यांच्या पद्धतीने जवळजवळ कोरडा स्पंज घेतला, त्यावर तपकिरी रंग, आणि पानावरून नुसता टेकवत नेला. सुरकुतीच्या माथ्यांनी रंग घेतला, खळगे तसेच राहिले. एकाआड एक वळणाऱ्या रेघा, कुठे दाट, कुठे लांब लांब, एका ठिकाणी गोल फिरून स्वतःलाच मिळालेली. कंटूर हो, नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. वीसएक वर्षं मी पेनने ज्या रेषा ओढल्या त्या फेव्हिकॉलने एका संध्याकाळीत ओढून ठेवल्या होत्या. जिथे दाट तिथे कडा, जिथे विरळ तिथे सपाटी, आणि ते गोल म्हणजे टेकडीचा माथा. मी उभीच राहिले बराच वेळ.

मग अळूची फिल्म घेतली. या वेळी निळसर हिरवा. स्पंज नीट आपटला होता, देवाशप्पथ, पण खाली जमीनच सुरकुतलेली, फिल्म टेकणार कशी. रंग शिरला. पण शिरला तो खळग्याखळग्यांतून, पाणी शिरतं तसा. अळूच्या कडेला सहा-सात मिशा, प्रत्येक मिशी दोन कंटूरच्या मधून वर चढलेली. नकाशात जलाशयाला नाले मिळाल्यासारखं वाटलं.

मास्तर, भावंडं द्यायची गरजच पडली नाही, ती आधीच आली होती. मी एवढंच केलं की नकाशाचं शाईचं ०.२ मिलिमीटरचं पेन काढलं. नळाखाली धुऊन, हलवून हलवून चालू केलं, सात वर्षं बंद होतं. प्रत्येक मिशीच्या टोकापासून पुढे एक बारीक तुटक रेघ ओढली, नाला जसा वर जातो तशी. दोन ठिकाणी पेनने शाई ओकली. तिसरा ठिपका मी मुद्दाम टाकला, मग तिन्ही विहिरी झाल्या, नकाशात विहीर दाखवतात तशा गोल करून.

शेवटी लेटरिंगची पट्टी शोधली. पिवळी पडलीय, पण आकडे शाबूत आहेत. अळूच्या कडेला, जिथे पाणी थांबतं तिथे, पातळी लिहिली. बोट ठेवून दोनदा वाचली. ६२१.५०.

नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, आजी, हे पान आहे की गाव? मी म्हटलं, गावच, पण पाण्याखालचं. तिला पटलं नाही. तिच्या मते तो बेडूक आहे.

कातरवेळ, तुमचा एक पूल तुटला होता, मधल्या शिरेचा. दोन्ही बाजूंनी टेप लावून दुरुस्त केला. ब्लेड अजून ड्रॉवरमध्येच आहे, पेन्सिलींना टोक करायला लागतं. ती भिंतीसारखी झालेली चार थरांची जागा मात्र मी वहीतून कापून काढली. तिच्यात काही नव्हतं, नुसता हट्ट होता.

स्क्रीनवाले, वेस्टेजचा एखादा गठ्ठा निघाला तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन. आणि इथे कुणाकडे टाकाऊ एक्स-रे असतील तर तेही चालतील. नातीने परवा ह्यांच्या दुसऱ्या गुडघ्यातून मासा कापला, आणि हे विचारतायत की सोमवारी डॉक्टरांना दाखवायला आता काय न्यायचं.